जागा बघणाऱ्या महाजनबाई

महाजनबाई कुणाचंही घर बघायला गेल्या की आधी त्या घराकडे पाठ करून उभ्या राहत. बिल्डरचा माणूस आतल्या फरश्या, ओटा, बाल्कनी दाखवायला उतावीळ झालेला असे आणि बाई फाटकापाशीच थांबून समोरचा रस्ता, रस्त्यापलीकडची शेड, शेडमागची चिमणी असं सगळं सावकाश बघत. "आतलं काय, आवडलं नाही तर फोडून नवं करता येतं. बाहेरचं आपल्या बापाच्यानं बदलत नाही. म्हणून ते आधी बघायचं," असं त्यांचं म्हणणं.

बाई दलाल नव्हत्या, वकील नव्हत्या, बँकेतही नव्हत्या. सिल्वासाच्या मराठी शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला. माहेर-सासर दोन्ही अमळनेरकडचं. यजमान इथल्या वीजखात्यात होते म्हणून इकडे आल्या आणि यजमान गेल्यावरही परत गेल्या नाहीत. मी नाशिकहून गलोंड्याच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात क्वालिटी विभागात लागलो, तेव्हा आम्हाला भाड्याचं घर मिळालं ते टोकरखाड्याला, त्यांच्याच बिल्डिंगमध्ये. तळमजल्यावर बाई, वर आम्ही.

बिल्डिंगमध्ये बहुतेक आमच्यासारखेच. नाशिक, पुणे, जळगावकडून आलेले इंजिनिअर आणि कोकणातले दोन-तीन सरकारी नोकर. चार वर्षं झाली की प्रत्येकाच्या डोक्यात तोच किडा वळवळायला लागे: थोडं साठलंय, कुठेतरी जागेत टाकू या. गावाची हवाच तशी. पानवाल्याच्या बघण्यात एखादा प्लॉट असतो आणि केस कापणाऱ्याच्या मेव्हण्याला एक गाळा विकायचा असतो. तुम्ही दाढी करायला बसलात तरी उठेपर्यंत निम्मा सौदा झालेला असतो.

असा किडा लागलेला माणूस शेवटी बाईंच्या दारात येई. बाई फी घेत नसत, पण एक अट असे. जागा बघायला जाताना गाडीतली पुढची सीट त्यांची, एसी बंद आणि काच पूर्ण खाली. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि बारा महिने हातात छत्री. छत्री पावसासाठी नव्हतीच. रिकाम्या प्लॉटवर गेल्या की तिचं टोक मातीत खुपसून त्या बघत. सहज आत गेलं की म्हणत, "भराव आहे. खाली ओढा असणार. ओढा विसरत नसतो, भाऊ."

माझी पाळी आली ती नरोली रोडवरच्या एका नव्या बिल्डिंगमुळे. नमुन्याचा फ्लॅट बघून मी आणि माझी बायको मेघना दोघंही खलास झालो होतो. मेघनाने तर पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता. एका रविवारी बाईंना घेऊन गेलो. बाईंनी नेहमीप्रमाणे घराकडे पाठ केली आणि मग आम्हाला तिथेच सोडून शेजारच्या जुन्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला गेल्या. पहिल्या मजल्यावर एक बाई कपडे वाळत घालत होत्या. खालून वर आणि वरून खाली गुजरातीत अशा काही गप्पा सुरू झाल्या, की मला वाटलं जुनी ओळख निघाली. मेघना घड्याळ बघायला लागली. महाजनबाई परत आल्या आणि शाळेतल्या सवयीने मला आडनावाने हाक मारून म्हणाल्या, "गायधनी, त्या बेन रात्री कपडे बाहेर ठेवत नाहीत. सकाळी त्यावर काळे ठिपके असतात. मागच्या कारखान्याचा बॉयलर रात्री चालतो. तुम्ही दिवसाच आलात, तुम्हाला कसा दिसणार?"

परतताना गाडीत त्यांनी आम्हाला कपड्यांची दोरी वाचायला शिकवली. एकाच रंगाचे गणवेश ओळीने वाळत असतील तर एकेका खोलीत चार-चार कामगार राहतात, म्हणजे भाडं भरपूर आणि दुरुस्त्याही भरपूर. लहान मुलांची झबली दिसली तर संसार आहेत, भाडेकरू टिकतील. कपडे वाळून पापडासारखे कडक झाले असतील तर बोअरचं पाणी क्षाराचं, नळ आणि गिझर दरवर्षी बदलायची तयारी ठेवा. तो फ्लॅट आम्ही घेतला नाही. मेघना पडद्यांच्या दुःखात आठवडाभर बाईंशी तुटक वागली. पुढे आमलीला बाजाराजवळ त्याहून लहान आणि दिसायला अगदीच साधा फ्लॅट घेतला. तो आजही आमच्याकडे आहे आणि भाडेकरूही पहिल्यापासून एकच आहे.

बाईंचा प्रश्न विचारण्याचा ढंग वर्गातला होता. समोरच्याला उत्तर येत नाही हे दिसलं की त्या गप्प बसत आणि ती शांतता माणसाला जाळी. पहिला प्रश्न ठरलेला: जागा राहायला हवी, भाड्याने द्यायला हवी की पुढे विकायला? "तिन्हीसाठी," असं उत्तर आलं की म्हणत, "एका गाईकडून दूध, शेण आणि नांगरणी तिन्ही मागू नका." भाड्याने द्यायची म्हटलं की विचारत, भाडेकरू कोण? कुठल्या कारखान्यात जातो, कशाने जातो, जेवतो कुठे? आमच्या मजल्यावरचा एक पुण्याचा इंजिनिअर वैतागून म्हणाला होता की बाई, अजून घरच घेतलेलं नाही तर भाडेकरू कुठून आणू? बाई शांतपणे म्हणाल्या, "मग तो दिसल्यावर घर घ्या." कागदांच्या भानगडीत त्या पडत नसत. कागद वकिलाला दाखवायचे, आणि तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नसावा, एवढंच सांगत. जमीन मात्र पावसाळ्यातच बघायला लावत. "उन्हाळ्यात सगळ्याच जमिनी शहाण्यासारख्या वागतात," हे त्यांचं वाक्य आमच्या बिल्डिंगमध्ये म्हणीसारखं झालं होतं. लग्नाची मुलगी बघायला जातानाही कुणीतरी ते म्हणायचं.

त्यांचं चुकलं नाही असं नाही. चौधरी नावाचे जळगावचे मेंटेनन्स इंजिनिअर दादऱ्याच्या बाजूला एक दुकानाचा गाळा घेणार होते. बाईंनी बघितलं आणि नको म्हणून सांगितलं, इथे माणूस थांबणारच नाही, सगळी वाहतूक सरळ निघून जाते. चौधरींनी सोडला. पुढे तिथून आडवा रस्ता निघाला, चौक झाला आणि त्या गाळ्यांना असा भाव आला की चौधरी त्या बाजूने जायचेच बंद झाले. बाईंना कुणी काही बोललं नव्हतं. एका संध्याकाळी त्या स्वतःच पेढ्यांचा पुडा घेऊन चौधरींच्या घरी गेल्या आणि वहिनींच्या समोर म्हणाल्या, "चौधरी, मी आहे तो रस्ता बघितला. होणारा रस्ता आराखड्यात होता, तो बघायला गेले नाही. चूक माझी." चौधरी इतके ओशाळले की त्यांनाच बाईंची समजूत घालावी लागली. त्यानंतर मात्र कुठल्याही जागेवर जाण्याआधी बाई नगररचनेच्या कार्यालयात जाऊन भिंतीवरच्या नकाशासमोर उभ्या राहायला लागल्या. तिथल्या लोकांनी त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवून दिलं होतं.

रांध्याची गोष्ट मेघनाच्या मावसभावाची, समीरची. तो पुण्याहून आला तोच दलालाला बरोबर घेऊन. रांध्याला डोंगराच्या कुशीत एक जमीन होती, तिथे फार्महाऊस बांधून शनिवार-रविवार भाड्याने द्यायचा त्याचा बेत होता. दलाल जिग्नेशभाई बोलायला मोठा गोड, घरवाळे बधा तैयार छे, घरचे सगळे राजी आहेत, आज बयाणा द्या, उद्या लिहून घेऊ. बाई पुढच्या सीटवर बसल्या. जमीन खरोखरच सुंदर होती. समीर मोबाईलवर फोटो काढत सुटला. बाईंनी छत्रीसुद्धा टोचली नाही. त्यांनी जिग्नेशभाईला विचारलं की मालक कुठे राहतात. तो म्हणाला, ते रानात असतील, संध्याकाळी भेटतील, बेन, तुम्ही कशाला तसदी घेता. बाई म्हणाल्या, तसदी कसली, चहा प्यायचाय. ज्याची जमीन त्याच्या घरचा चहा प्यायल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

पायवाटेने आम्ही एका कुडाच्या घराशी पोचलो. अंगणात जानीबाई नावाची म्हातारी नाचणी पाखडत होती. चहा आला, कोरा आणि खूप गोड. बाईंनी पाऊसपाण्याची, नातवंडांची चौकशी केली. जानीबाईचा एक नातू बाईंच्याच शाळेत होता असं निघालं. मग बाईंनी सहज विचारलं की खालची जमीन विकायला काढलीय म्हणे. म्हातारीचं सूप थांबलं. तिने आधी जिग्नेशभाईकडे बघितलं, मग समीरच्या गाडीकडे.

"कोण इकतं?" ती म्हणाली. "त्याच्यावर तं आमी जगताव."

तिच्या कुठल्या लांबच्या पुतण्याने परस्पर शब्द दिला होता. शिवाय आदिवासींची जमीन अशी कुणालाही परवानगीशिवाय घेता येत नाही, हे जिग्नेशभाईला चांगलं माहीत होतं आणि समीरला माहीत नव्हतं. कुणी भांडलं नाही. जिग्नेशभाई फोन आल्यासारखं करून लांब गेला. जानीबाईने समीरच्या कपात पुन्हा चहा ओतला, आणि तो बिचारा तो गोडमिट्ट चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. परतताना बाई त्याला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "डोंगर छान आहे. बघायला येत जा."

पण बाई म्हटलं की मला आधी आठवते ती सरिता.

सरिता बाईंच्या शाळेत कारकून होती. नवरा सुताच्या कारखान्यात ऑपरेटर. एका संध्याकाळी पाळी संपवून मोटरसायकलवरून घरी येताना तो रस्त्यावरच्या अपघातात गेला. पदरात लहान मुलगी, मीनू. काही महिन्यांनी विम्याचे आणि कंपनीचे पैसे सरिताच्या खात्यात आले आणि बातमी कशी पसरते कोण जाणे, दारात माणसांची रीघ लागली. प्रत्येकाकडे तिच्या भल्याची एकेक योजना होती.

बाई तिच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "वर्षभर काहीही घ्यायचं नाही. पैसे बँकेत पडून राहू देत, ते शिळे होत नाहीत. दुःखात माणूस जागा बघत नाही गं, आधार बघतो. आणि आधार दाखवणारे पुष्कळ असतात."

सांगून त्या थांबल्या नाहीत. रोज संध्याकाळी सरिताकडे जाऊन बसायला लागल्या. मांडीवर परात घेऊन कधी वालपापडी मोडत, कधी शेंगा सोलत. येणाऱ्याचं ऐकून घेत आणि एखादाच प्रश्न विचारत. प्लॉटवाला आला तर, तुम्ही स्वतः तिथे किती जागा घेतलीत? दुप्पट करून देणारा आला तर, मुदतीच्या आधी पाहिजे झाले तर किती दिवसांत देता? बहुतेक लोक दुसऱ्यांदा येत नसत.

सरिताचे दीर शहाद्याहून आले तो दिवस मला आठवतो, कारण मेघनाने केलेलं थालीपीठ द्यायला आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. दीर वाईट माणूस नव्हते. भाऊ गेल्यावर महिनाभर तेच तिथे राहिले होते. किलवणी नाक्याच्या बाजूला एक बैठं घर त्यांनी सरिताच्या पैशांतून घ्यायला बघून ठेवलं होतं. पुढच्या भागात ते स्वतः किराणा दुकान टाकणार, सहकुटुंब इकडेच येणार आणि मागच्या खोलीत सरिता आणि मीनू राहणार. घराला घर, सोबतीला सोबत. ऐकताना मलासुद्धा ते पटत चाललं होतं.

बाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं, दस्त कोणाच्या नावावर?

दिरांनी सांगितलं की सरकारी कामं, लाईटबिलं, घरपट्टी, बाईमाणसाला किती धावपळ. बाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, ते कळलं, पण दस्त कोणाच्या नावावर? मग दिरांनी घराण्याचं, भावाच्या शब्दाचं, मीनूच्या लग्नाचं सांगितलं. बाईंनी तेही सगळं ऐकलं आणि पुन्हा तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला. दिरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही मोठ्या आहात. पण हे आमच्या घरातलं आहे."

"खरंय तुमचं," असं म्हणून बाईंनी परात खाली ठेवली आणि त्या उठल्या.

मी थक्क झालो. अजिबात हार न मानणारी ही बाई एवढ्यावर निघाली? दारात जाऊन त्या स्टुलावर बसल्या आणि बुटांच्या नाड्या बांधायला लागल्या.  आत स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळत होतं. सरिता चहाची गाळणी हातात घेऊन बाहेर आली. तिने नवरा गेल्यापासून माणसांसमोर एक सबंध वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "दस्त माझ्या नावावर होईल. नाहीतर घर होणार नाही."

 दिरांनी पिशवी उचलली आणि ते चहा न घेता गेले. सरिता तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मेघना तिच्याजवळ गेली. बाई मात्र आत आल्या नाहीत.

मी त्यांना सोडायला निघालो. जिन्यात त्या अचानक थांबल्या. नाडी एकाच बुटाची बांधून झाली होती. कठड्याला धरून त्या म्हणाल्या, "मी बसून राहिले असते तर ती बोललीच नसती, गायधनी. माझ्याच तोंडाकडे बघत राहिली असती." मग म्हणाल्या, "पण मी उठूनही ती बोलली नसती तर? मी काय करणार होते?"  मी खाली बसून त्यांच्या दुसऱ्या बुटाची नाडी बांधली.

वर्ष उलटल्यावर दोघी जागा बघायला लागल्या, पण या वेळी बाईंनी मत द्यायलाच नकार दिला. सरिताने विचारलं की म्हणत, तुला काय दिसतंय ते सांग. पहिल्या दोन-तीन जागांना सरिता भांबावून गेली. मग हळूहळू तीच शेजारच्या बायकांशी बोलायला लागली, पाणी किती वाजता येतं, पावसाळ्यात गल्लीत किती साचतं विचारायला लागली. बाईंना बरी वाटलेली एक जागा तर तिने सरळ नाकारली. म्हणाली, मीनू शाळेतून येताना हा मोठा रस्ता एकटीने ओलांडणार नाही. बाई त्या दिवशी इतक्या खुशीत होत्या की घरी येताना त्यांनी आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजला.

शेवटी शाळेपासून चालत जाता येईल असं जुनं घर मिळालं. पुढे एक स्वतंत्र खोली होती, ती दवाखान्यात नोकरी करणाऱ्या दोन नर्सना भाड्याने गेली. भाडं येई आणि सोबतही झाली. दस्त झाला त्या दिवशी बाई निबंधक कार्यालयाच्या बाहेर झाडाखाली बसून राहिल्या. आत चला म्हटलं तर म्हणाल्या, माझं काय काम आहे आत? वास्तुशांतीला दीर आले. सुरुवातीला जरा अवघडून बसले होते. मग गच्चीवरची टाकी भरून वाहतेय असं कळल्यावर शर्टाच्या बाह्या दुमडून वर गेले आणि पंगत बसेपर्यंत ती दुरुस्त करत बसले. बाईंनी त्यांना स्वतः आग्रहाने जिलेबी वाढली. किराणा दुकानाचं काय झालं, हेही विचारलं. ते त्यांनी शहाद्यालाच टाकलं होतं आणि बरं चाललं होतं. जागा बाजाराच्या नाक्यावर घेतली का आतल्या बाजूला, यावर मग दोघांचं बराच वेळ चाललं.

माझी नाशिकला बदली झाली आणि सिल्वासा सुटलं. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नंतर त्या बडोद्याला लेकीकडे राहायला गेल्या, असं मेघनाला सरिताकडूनच फोनवर कळलं. त्या बडोद्याला जाण्याआधी एकदा, हिवाळ्यात, मी कारखान्याच्या कामाने वापीहून सिल्वासाला येत होतो. वाटेत दादऱ्याला ड्रायव्हरला चहा हवा होता म्हणून वनगंगेच्या बागेपाशी थांबलो. रविवार होता. तळ्यात पायांनी चालवायच्या होड्या फिरत होत्या. पुलावर उभा असताना एका होडीकडे लक्ष गेलं.

सरिता आणि मीनू पुढे बसून पायडल मारत होत्या, दोघींचं हसू चाललं होतं, कारण होडी सरळ जायचं सोडून गोलच फिरत होती. मागच्या बाकावर महाजनबाई होत्या. ऑपरेशन झालेला पाय समोर लांब केलेला, मान मागे टेकलेली, तोंड उन्हाकडे. आजूबाजूला एवढी बाग होती, बेट होतं, काठावर नवं काहीतरी बांधकामही चाललं होतं. बाईंनी डोळे मिटले होते.

मी हाक मारायला हात वर केला. तेवढ्यात सरिताने मला बघितलं. तिने हसून ओठांवर बोट ठेवलं, मागे नजरेने खूण केली, आणि पुन्हा पायडल मारायला लागली. होडी एक गिरकी घेऊन सावकाश पुलाखालून पलीकडे निघून गेली.